एककाची साक्ष (प्रस्तावना)

एक हेक्टर वावरात सहा-सहा मीटरवर संत्र्याची कलमे लावायची आहेत, तर किती कलमे आणावी लागतील? मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौसरच्या पट्ट्यात ज्याने बाग लावली आहे, त्या कास्तकाराला याचे उत्तर तोंडपाठ असते : २७७. सातवी-आठवीतला मुलगा मात्र वहीत असे मांडतो : एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर, अंतर ६, म्हणून १०,००० ÷ ६ = १,६६६. भागाकार बिनचूक, उत्तर साफ चुकलेले. आणि त्याखाली तो निर्धास्तपणे लिहितो, ‘१,६६६ झाडे’.

‘झाडे’ हा शब्द त्याने प्रश्नातून उचलला. त्याने केलेल्या गणितातून तो आलाच नव्हता. चौरस मीटरला मीटरने भागले की हाती मीटर राहतात. प्रत्येक आकड्यासोबत त्याचे एकक लिहीत गेला असता, तर ‘१,६६६ मीटर’ असे उत्तर त्याच्यासमोर उभे राहिले असते आणि तिथेच तो थबकला असता. मग त्याला खरा प्रश्न सुचला असता : एका झाडाला जागा किती लागते? ६ मीटर × ६ मीटर, म्हणजे झाडामागे ३६ चौरस मीटर. १०,००० चौरस मीटरला ‘दर झाडाला ३६ चौरस मीटर’ने भागले की चौरस मीटर चौरस मीटरला कापतात आणि झाडे उरतात. २७७ आणि वर थोडी जागा.

या पुस्तकाचा विषय एवढाच आहे. शाब्दिक उदाहरणाचे उत्तर पुस्तकाच्या शेवटची पाने न उलटता, गुरुजींना न विचारता, एककांवरून आपले आपण कसे पारखावे, हे पुढच्या पानांत उदाहरणे सोडवून दाखवले आहे. ती बहुतेक याच भागातली आहेत : संत्र्याच्या बागा, कापसाची वावरे, मंडी, मोटारपंप, पटवाऱ्याचा खसरा, सावकाराचे आणि बँकेचे व्याज.

आपल्या शाळांत एककाला मान आहे, पण तो चुकीच्या जागी. उत्तराखाली ‘किलो’ किंवा ‘रुपये’ लिहायचे राहिले की अर्धा गुण कापला जातो. मुले त्यातून एकच गोष्ट शिकतात : एकक हे शेवटी लिहायचे असते. मांडणीत सगळे आकडे उघडेबोडके, आणि शेवटी प्रश्नात जे विचारले आहे त्याचे नाव उत्तराला जोडून द्यायचे. अशा एककाला काही साक्ष देता येत नाही, कारण ते गणित घडताना तिथे हजरच नव्हते. मला हे फार नुकसानीचे वाटते. मुलाच्या हातात स्वतःचे उत्तर तपासण्याचे साधन असते आणि आपण त्याला ते फक्त सजावटीला वापरायला शिकवतो.

फ्रान्समधल्या ग्रेनोबल शहरात १९८० च्या सुमारास प्राथमिक वर्गातल्या ९७ मुलांना एक प्रश्न दिला होता : जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? त्यांतल्या ७६ मुलांनी आकड्यांची काही ना काही क्रिया करून वय काढून दिले. मेंढ्या आणि बकऱ्यांची बेरीज जनावरे होते, वर्षे होत नाहीत, हे त्या मुलांना कळत नव्हते असे कोण म्हणेल? गणिताच्या तासाला ते कळणे बाजूला ठेवायचे असते, असे त्यांच्या मनात बसले होते.

एककांचे नियम मोजके आहेत. एकाच जातीच्या राशींचीच बेरीज-वजाबाकी होते. किलोत लिटर मिळवता येत नाही, आणि ग्रॅम मिळवायचा तर आधी त्याचे किलो करावे लागतात. गुणाकार-भागाकारात एककांचाही आकड्यांसारखाच गुणाकार-भागाकार होतो. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना एकच एकक आले पाहिजे. जोसेफ फूरिये या फ्रेंच गणितज्ञाने १८२२ च्या उष्णतेवरच्या ग्रंथात हे तत्त्व नीट मांडले आणि आजचे भौतिकशास्त्र त्याच पायावर चालते. पण त्याचा गाभा आपल्याकडे त्याहून खूप जुना आहे.

भास्कराचार्यांची लीलावती ११५० ची. त्यांच्या घराण्याची नोंद असलेला शिलालेख खानदेशात चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे. लीलावतीत बेरीज-गुणाकाराच्या आधी येतात ती मापे : किती काकिणींचा पण, किती पणांचा द्रम्म, किती यवांचे अंगुळ, किती अंगुळांचा हात, किती हातांचा दंड. मोजणीची भाषा पक्की झाल्याशिवाय भास्कराचार्य आकडेमोडीला हात घालत नाहीत. पुढे त्रैराशिक आले की त्यांचा नियम राशींच्या जातीवरूनच सुरू होतो. प्रमाण आणि इच्छा या दोन राशी एका जातीच्या हव्यात, फल वेगळ्या जातीचे, आणि उत्तर निघेल ते फलाच्या जातीचे. कुठला आकडा कुठे ठेवायचा, हे तिथे एककच ठरवते.

सौसरच्या कापसावर हे करून पाहू. ५ क्विंटल कापसातली सरकी काढून १७० किलो रुई निघाली. २३ क्विंटलांतून किती निघेल? प्रमाण ५ क्विंटल कापूस, इच्छा २३ क्विंटल कापूस, फल १७० किलो रुई. १७० × २३ ÷ ५ = ७८२. क्विंटल क्विंटलला कापतो आणि किलो रुई उरते. एखाद्या मुलाने घाईत २३ × ५ ÷ १७० असे मांडले, तर एकक येईल ‘क्विंटलचा वर्ग भागिले किलो’. असे कुठलेही पोते मंडीत येत नाही. आकडा काढण्याच्या आधीच मांडणी फसल्याचे कळले. रुईची गाठ १७० किलोची धरतात, म्हणून ७८२ ÷ १७० = ४.६ गाठी, पण जिनिंगमधून अर्धवट गाठ निघत नाही, तेव्हा चार गाठी बांधून १०२ किलो रुई सुटी राहील. इथे एककाने आणखी एक काम केले. लिटरचा किंवा किलोचा तुकडा होतो, गाठीचा, माणसाचा, बसचा होत नाही, हे त्याने विचारायला लावले.

या भागाला मापांच्या अदलाबदलीचा अनुभव चांगलाच आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर राजधानी असलेला जुना मध्य प्रदेश फुटला, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्ह्यासोबत पांढुर्णा-सौसर नव्या मध्य प्रदेशात राहिले. २०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला आणि सौसर त्यात आले. १९५६ च्याच डिसेंबरात वजन-मापांचा प्रमाणीकरण कायदा झाला. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे आले, आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मीटर-किलो लागू होऊ लागले. म्हणजे सरहद्द आणि तागडीतले वजन ही दोन्ही दोनेक वर्षांत बदलली. त्याआधी ८० तोळ्यांचा शेर आणि ४० शेरांचा मण होता. आजच्या हिशेबाने मण ३७.३२ किलोचा. पायली तर गावागणिक निराळी. नाव एक, माप वेगळे, म्हणून धान्याचा सौदा करताना कुठली पायली, हे आधी ठरवावे लागे. पावकी, निमकी, सवायकी, दीडकी, अडीचकी पाठ असलेली ती पिढी असल्या हिशेबात फसत नसे, कारण आकडा कशाचा हे सांगितल्याशिवाय ती आकडा उच्चारतच नव्हती.

जुने माप जाऊन नवे येण्याचा काळ किती धोक्याचा असू शकतो, याचे मला माहीत असलेले सर्वांत बोलके उदाहरण कॅनडातले आहे, आणि ते अक्षरशः एक शाब्दिक उदाहरण आहे. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानाला प्रवासासाठी २२,३०० किलो इंधन हवे होते. टाकीत ७,६८२ लिटर शिल्लक होते. किती लिटर आणखी भरायचे? लिटरचे किलो करण्यासाठी हिशेब करणाऱ्यांनी १.७७ ने गुणले. १३,५९७ आले. २२,३०० मधून ते वजा करून ८,७०३ उरले, त्याला पुन्हा १.७७ ने भागले आणि ४,९१७ लिटर भरले. सगळी आकडेमोड बिनचूक. पण १.७७ हे लिटरमागे पौंड होते. लिटरमागे किलो हवे तर ०.८०३. टाकीत प्रत्यक्षात ६,१६९ किलो होते आणि भरायला हवे होते २०,०८८ लिटर. देश तेव्हा पौंडांकडून किलोंकडे वळत होता आणि विमान नवे, किलोवर चालणारे होते. ४१,००० फुटांवर इंधन संपले आणि दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकाने विमान तरंगत नेऊन गिमली गावच्या जुन्या हवाई तळावर उतरवले, म्हणून आतली ६९ माणसे वाचली. हिशेबात ‘१.७७ पौंड दर लिटर’ एवढे कुणी लिहिले असते, तर पौंड किलोंतून वजा करायला कुणाचाच हात धजला नसता.

आपल्याकडच्या चुकांनी विमाने पडत नाहीत, पण कास्तकाराचे पैसे पडतात. संत्र्याचा भाव कधी हजार फळांवर सांगतात, कधी टनावर. समजा एक व्यापारी हजाराला ४,५०० रुपये देतो आणि दुसरा टनाला ३०,००० रुपये. माल कुणाला द्यावा? दोन्ही भाव रुपयांतच आहेत, तरी त्यांची तुलना होत नाही. एकाचे एकक ‘रुपये दर हजार फळे’, दुसऱ्याचे ‘रुपये दर टन’. मध्ये पूल हवा तो फळाच्या वजनाचा, ‘ग्रॅम दर फळ’. सरासरी फळ १५० ग्रॅमचे असेल तर टनात सुमारे ६,६६७ फळे बसतात आणि दोन्ही भाव सारखेच पडतात. फळ १६० ग्रॅमचे निघाले तर टनात ६,२५० फळे. हजारी भावाने त्यांचे २८,१२५ रुपये होतात, म्हणून टनाने देणे बरे. फळ बारीक, १२० ग्रॅमचे असले तर टनात ८,३३३ फळे, हजारी भावाने ३७,५०० रुपये, आणि मोजून देण्यातच फायदा. आंबिया बहराच्या फळाला एक भाव परवडेल, मृगाच्या फळाला दुसरा. हा निर्णय वजनकाटा आणि वीस-पंचवीस फळांचा नमुना घेऊन आठवीतली मुलगी घरी बसून करू शकते. पुस्तकातले हे प्रकरण मी सर्वांत सविस्तर लिहिले आहे, कारण या भागात घरोघरी त्याचा उपयोग आहे.

व्याजाचेही तसेच. मराठी पुस्तकांत आपण ‘द.सा.द.शे.’ घोकतो, दर साल, दर शेकडा. दराचे पूर्ण एकक त्या चार अक्षरांत सांगितलेले आहे. गावात मात्र ‘शेकडा दोन’ म्हणतात ते महिन्याचे असते. १०,००० रुपयांवर तीन वर्षांचे व्याज काढताना मुलगा १०,००० × २ × ३ ÷ १०० करून ६०० रुपये सांगतो. महिन्याच्या दराला वर्षांनी गुणले. महिना आणि वर्ष एकमेकांना कापत नाहीत. तीन वर्षांचे ३६ महिने केले की ७,२०० रुपये होतात. बँकेच्या सात टक्क्यांशेजारी सावकाराचे दोन टक्के स्वस्त वाटतात ते याच गफलतीमुळे. ते दोन टक्के वर्षाला चोवीस आहेत.

विजेच्या बिलावरचे ‘युनिट’ म्हणजे किलोवॅट-तास, किलोवॅट नव्हे. पाच अश्वशक्तीची मोटार म्हणजे ३.७३ किलोवॅट, ती सहा तास चालली की २२.३८ युनिट. तासांनी भागायचे की गुणायचे, असा गोंधळ उडतो तेव्हा एककाकडे पाहावे. मजुरीच्या हिशेबातही हाच मार्ग आहे. बारा मजूर आठ दिवसांत बांध घालतात, तर सोळा मजुरांना किती दिवस? व्यस्त प्रमाणाचा नियम आठवत बसण्यापेक्षा काम किती आहे ते आधी लिहावे : ९६ मजूर-दिवस. त्याला १६ मजुरांनी भागले की मजूर कापले जातात, ६ दिवस उरतात. रोजगार हमीच्या कामांत ‘मानव-दिवस’ मोजतात, ते हेच एकक.

आता एककांची मर्यादा, कारण ती न सांगता हे पुस्तक हातात देणे बरे नाही. त्रिकोणाच्या क्षेत्रफळातला अर्धा विसरला तर एकक काही बोलत नाही; चौरस मीटर आले म्हणून ते समाधान मानते. वजाबाकीच्या जागी बेरीज केली तरीही नाही. आणि सर्वांत फसवी चूक म्हणजे एकक एक पण वस्तू वेगळी. बातम्यांत रुईचा भाव खंडीवर सांगतात. ही खंडी ३५५.६ किलोची. समजा तो भाव ५५,००० रुपये आहे. क्विंटलला पडले सुमारे १५,४६७ रुपये. मंडीत कापसाला मात्र क्विंटलमागे सात हजारांच्या आसपास मिळत असले, की ऐकणाऱ्याला वाटते की अर्ध्याहून जास्त पैसा मधल्या मधे गेला. दोन्हीकडे ‘रुपये दर क्विंटल’च आहे, पण एक क्विंटल रुईचा आणि दुसरा सरकीसकट कापसाचा. क्विंटलभर कापसातून ३४ किलो रुई निघते, तिचे सुमारे ५,२५९ रुपये, ६५ किलो सरकी, ३३ रुपये किलोने २,१४५ रुपये, मिळून ७,४०४. त्यातून जिनिंग, वाहतूक आणि व्यापाऱ्याचा नफा. कास्तकाराला कमी मिळते की नाही, यावर भांडायचेच असेल तर या आकड्यावर भांडावे. म्हणून माझा आग्रह आहे की नुसते ‘किलो’ लिहू नये. ‘किलो कापूस’, ‘किलो रुई’, ‘किलो सरकी’ असे वस्तूचे नाव एककाला जोडूनच लिहावे. अर्धा विसरणे आणि चिन्ह चुकणे यांसाठी मात्र अंदाजाची सवय लागते, त्यासाठी पुस्तकात वेगळा भाग आहे.

या भागातल्या मुलांसाठी हे सगळे अधिक महत्त्वाचे का वाटते, तेही सांगतो. इथे असंख्य मुलांची घरची भाषा मराठी आणि शाळेचे पुस्तक हिंदी. घरी परिमिती म्हणणारे कुणी शिकलेले असले तर शाळेत परिमाप असतो. बेरजेला जोड, वजाबाकीला घटाव. वाक्य पुरते उलगडत नाही तेव्हा मूल ओळखीच्या शब्दाचा आधार शोधते. ‘कुल’ दिसले की बेरीज, ‘शेष’ दिसले की वजाबाकी. काही उदाहरणांत हे जुळते, बाकीच्यांत घात करते. मीटर, किलो, रुपये, तास मात्र दोन्हीकडे तेच आहेत. दिलेल्या राशी कुठल्या एककांत आहेत आणि उत्तर कुठल्या एककात हवे, एवढे जरी त्याने आधी लिहिले, तरी निम्मी मांडणी तिथेच होते आणि उरलेले वाक्य पुन्हा वाचायला धीर येतो. वर्गात उत्तर चुकले की गप्प बसणाऱ्या मुलांना मी पाहिले आहे. ‘माझे उत्तर मीटरमध्ये आले, पाहिजे होती झाडे, म्हणजे माझे कुठेतरी चुकले’ असे जेव्हा मूल स्वतः म्हणते, तेव्हा त्याला गणित येऊ लागलेले असते, उत्तर अजून यायचे असले तरी.

आसपास सरावाला साधने कमी नाहीत. पटवाऱ्याच्या खसऱ्यावर ०.८०९ हेक्टर लिहिलेले वावर बोलण्यात दोन एकर असते. एका हेक्टरचे २.४७१ एकर करून ते पडताळता येते. सौसरवरून जाणारी नागपूर-छिंदवाडा छोटी गाडी २०१५ मध्ये बंद होऊन तिथे रुंद मार्ग आला. छोट्या रुळांतले अंतर अडीच फूट, फुटाला ३०४.८ मिलिमीटर, म्हणजे ७६२ मिलिमीटर. मोठ्याचे साडेपाच फूट, १,६७६ मिलिमीटर. हेक्टरभर वावरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर किती लिटर पाणी झाले, हे करून पाहा. दहा हजार लिटर. बहुतेकांना पहिल्यांदा हे उत्तर खोटे वाटते, आणि मग एकके लिहून तपासले की पटते.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. एकक विसरल्याबद्दल अर्धा गुण कापण्याऐवजी, प्रत्येक पायरीला एकक लिहिणाऱ्याला त्याबद्दल गुण द्या, शेवटचा आकडा चुकला असला तरी द्या. आणि ‘माझ्या उत्तराचे एकक जुळत नाही’ असे लिहून थांबलेल्या मुलाला, चुकीचे उत्तर ठामपणे लिहिणाऱ्यापेक्षा जास्त गुण द्या. पालकांनी मंडीची पट्टी, विजेचे बिल, खताच्या पोत्यावरचा मजकूर मुलांपुढे ठेवावा. पुस्तकातले संत्र्याचे, कापसाचे आणि सरकीचे भाव केवळ उदाहरणापुरते घेतले आहेत. सोडवायला बसाल तेव्हा ते खोडून आपल्या मंडीतला त्या दिवसाचा भाव घाला.